गुरम्माने घागर उचलली

"मास्तर, ही टिकली म्या परवाच्या दिशी लावली. बगा, मदूनच चिरली."

"वाळली असंल, गुरम्माबाई. ऊन काय कमी हाय?"

"वाळल्यावर शेणमाती कशी चिरती ते मला नका शिकवू. वाळलेली टिकली कोळ्याच्या जाळ्यावानी चिरती, समद्या अंगानं. ही बगा. इळ्यानं कापल्यावानी सरळ हाय. ही वाळली न्हाई, वढली."

अमृतराव हेडमास्तरांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि भिंतीला नाक लावून बघितलं. शाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीत वरून खालपर्यंत एक भेग उतरली होती. भेग वाढते का ते कळावं म्हणून गुरम्माने तिच्यावर शेणमातीच्या तळहाताएवढ्या तीन टिकल्या थापल्या होत्या, एक वर, एक मध्ये, एक जोत्यापाशी. मधलीची दोन शकलं झाली होती आणि दोन्हींच्या मध्ये सुतळी बसेल एवढी फट होती.

"मी दोन अर्ज करून बसलो," मास्तर म्हणाले. ते कंधारकडचे. "कागद फिरून राहिला. आपल्या हातात काय हाय सांगा."

"कागद फिरलालाय आन भित बी सरकलालीय. आदी कोन पोचतंय बगू."

मास्तर हसले नाहीत. चष्मा परत खिशात घातला आणि म्हणाले, "पोरं दक्षिणेच्या बाजूला बसवा."

"बसवते की. पन तुळया कुटं सरकवू? त्यांचं एक टोक ह्याच भितीवर हाय."

मास्तर हजेरी घ्यायला आत गेले.

निलंगा तालुक्यातल्या करडवाडीच्या शाळेची ही गोष्ट. लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढल्याच उन्हाळ्याची. गुरम्मा ह्या शाळेची शिपाई. तिचा नवरा मन्मथ आधी शिपाई होता. काविळीने तो गेला आणि गावच्या पंचांनी त्याच्या जागेवर तिला उभी केली. कागदावर तिचं काम झाडलोट करायचं आणि पाणी भरायचं. पण घंटाही तीच वाजवायची, सारवायचीही तीच, आणि मास्तर तालुक्याला गेले की पोरांना पाढे म्हणायला लावून दारात बसायचीही तीच. दुसऱ्या मास्तरची जागा दोन वर्षं रिकामी होती. पोरं तिला मावशी म्हणायची, बाया गुरम्माक्का म्हणायच्या. अंगाने वाळकी, हाताने खरखरीत. बोलायला लागली की समोरचा माणूस आधी दोन पावलं मागे सरकायचा.

वाचायला तिला येत नव्हतं. पण भिंत वाचता येत होती. अकरा वर्षं ती त्या भिंतींना पोतारा देत होती. भिंतीचं पोट कुठे सुटलंय, कुठे माती पोकळ झालीय, ते तिला हात फिरवला की कळायचं. शाळेची ती खोली निजामाच्या राज्यातली. दगड आणि चिखल रचून उभ्या केलेल्या दोन दोन हात रुंद भिंती, त्यावर सागवानी तुळया आणि त्याच्यावर हातभर मातीचं माळवद. गावातली सगळीच घरं अशी होती. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार. अशा घरात राहायला मिळालं म्हणून माणसं देवाला हात जोडायची.

त्या साली पाऊस मृगात एकदा येऊन गेला आणि नंतर फिरकलाच नाही. काळी जमीन भेगाळली. माघात शेतातल्या भेगेत काठी घातली तर हाताला वरचं टोकच राहायचं. माणसं म्हणायची, जमीन तोंड वासून बसलीय. शेतातली भेग सगळ्यांना दिसत होती. तीच काळी जमीन शाळेच्या जोत्याखालीही होती, ते गुरम्माशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आड आटले, विहिरीत गाळ उरला, आणि टँकर सुरू झाला. टँकर यायची वेळ ठरलेली नव्हती. कधी आठला यायचा, कधी अकराला, कधी येतच नसे. ड्रायव्हर नरसिंग पांदीच्या तोंडाशी आला की हॉर्न द्यायचा. गावाच्या त्या अंगाला शाळाच पहिली, म्हणून हॉर्न गुरम्मालाच आधी ऐकू यायचा. सरपंच लक्ष्मणरावांनी तिला हुकूम केला, "हॉर्न आला की तू घंटा हाण. थांबायचं न्हाई, लोक येईस्तोवर."

घंटा म्हणजे लिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. शाळा भरली की त्यावर तीन टोल पडायचे, सुटली की लांबलांब सहा. आणि टँकरला नुसता कल्लोळ, हात दुखेपर्यंत. महिन्याभरात गावाच्या कानाला तो असा बसला की चुलीवर भाकर टाकलेली बाई तवा तसाच सोडून उठायची.

टँकर उभा राहायचा शाळेच्या उत्तरेकडे, त्या भिंतीला लागून. तिथे जमीन टणक होती आणि मुख्य म्हणजे दुपार होईपर्यंत सावली होती. मागच्या पाइपातून एकेक घागर भरायची. घागरींची रांग भिंतीच्या कडेकडेने पहाटेपासून लागलेली असायची. बाईला घरी कामं, पोराला शाळा, म्हणून प्रत्येकाच्या जागेवर त्याची घागर बसायची. घागर म्हणजेच माणूस. तिला हात लावायचा नाही, सरकवायची नाही. एकदा वाऱ्याने एक रिकामा डबा गडगडला तर त्यावरून दोन घरं आठ दिवस बोलत नव्हती. शाळेच्या चार लाल बादल्यासुद्धा त्याच रांगेत असायच्या. बादल्यांवर पांढऱ्या अक्षरात 'आग' लिहिलेलं होतं. आगीसाठी भरलेली वाळू मास्तरांनीच ओतून टाकली होती.

पाइप गळका होता. रोज कळशीभर पाणी भिंतीच्या बुडाशी सांडायचं. बाया ते भांड्यात धरायला बघायच्या, पण जमीन त्यांच्याआधी पिऊन टाकायची. गुरम्मा त्या जागेकडे बघत राहायची. एवढं पाणी सांडूनही वर चिखल होत नव्हता. सगळं खाली, जोत्याखाली जात होतं.

"काय बगलालीस गं टकाटका?" धुरपता विचारायची.

धुरपता तिची शेजारीण. रांगेत गुरम्माचा नंबर पहिला, कारण ती पहाटेच झाडायला यायची. धुरपताचा दुसरा. हे धुरपताला जन्मात पटलं नाही.

"जमीन पानी पिऊन फुगलालीय. तिकडून कोरडी, हिकडून वली. भित कुनीकडं जाईल मंग?"

"भित जाईल तवा जाईल. तू तेवडी जा म्हंजे माझा पयला नंबर."

"माझ्या मढ्यावर घे पयला नंबर."

"घेते की. लवकर मर पन."

दोघी अशा बोलायच्या आणि नंतर एकीच्या डोक्यावर दुसरी घागर चढवून द्यायची.

माघातच वरून परिपत्रक आलं. नवा जिल्हा, नवे साहेब, नवा कागद. प्रत्येक शाळेत धोक्याच्या इशाऱ्याची घंटा असावी, ती एक मिनिट न थांबता वाजवावी, पोरांनी ओळीने बाहेर पडून मैदानात जमावं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ह्याची कवायत घ्यावी आणि रजिस्टरला नोंद करावी.

मास्तरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा गुरम्माने विचारलं, "न थांबता वाजवायची? मंग टँकरला काय वाजवू?"

"टँकरला टँकरचं. हे धोक्याचं."

"मास्तर, दोन्ही एकच की."

मास्तरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "परिपत्रकात लिवलंय ना, न थांबता. आपल्याला बदलता येत न्हाई."

"मंग टँकरला परात बडवू का?"

हे मास्तरांना पटलं. दोघं सरपंचांकडे गेले. लक्ष्मणराव पान लावत होते. "टँकरची घंटा बदलायची न्हाई," ते म्हणाले. "लोकांच्या कानाला बसलीय. परात बडवलीस त लोक म्हनतील बारसं हाय कुनाचं. तुमी तुमच्या धोक्याला परात बडवा."

"कागदात घंटा लिवलीय, लक्ष्मणराव."

"मंग बसा वाजवत."

पहिला सोमवार आला. मास्तरांनी पोरांना दोनदा समजावलं, ओळ कशी करायची, पाटी आत ठेवायची, ढकलाढकली करायची नाही. गुरम्माने पदर खोचला आणि रूळ बडवायला लागली. पोरं ओळीने बाहेर आली, अगदी कागदात लिहिल्यासारखी. लिंबापर्यंत आली आणि चौथीतली एक पोरगी ओरडली, "टँकर!"

ओळ मोडली. त्रेचाळीस पोरं वळून भिंतीकडे पळाली, आपापल्या आईच्या घागरीपाशी. तिकडून गाव आलं. बाया, म्हातारे, कडेवरची लेकरं, सगळं मिळून शंभरावर माणूस त्या भिंतीला खेटून उभं राहिलं. दोन बायांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. एका म्हातारीचा हंडा तुडवला जाऊन चेपला. टँकर कुठेच नव्हता.

मग ज्या शिव्या झाल्या त्या मास्तरांनी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. लक्ष्मणराव शेवटी आले, पान थुंकले आणि एवढंच म्हणाले, "मास्तर, तहानलेल्या मानसाची चेष्टा पुन्यांदा करू नका."

मास्तरांनी रजिस्टरला लिहिलं, 'कवायत समाधानकारक झाली.' पुढच्या दोन्ही महिन्यांत त्यांनी तसंच लिहिलं, कवायत न घेता.

गुरम्मा मात्र त्या दिवशी घंटेची सळई हातात धरून बराच वेळ लिंबाखाली उभी होती. तिने बघितलं होतं. ज्या आवाजाने माणसांनी भिंतीपासून लांब जायचं, त्याच आवाजाने सगळं गाव भिंतीखाली आलं होतं. रात्री भाकर खाताना तिला तेच दिसायचं, त्रेचाळीस पोरं ओळीने बाहेर येतात आणि वळतात.

तिने रांगेतल्या बायांना सांगून बघितलं. "घागरी तिकडं मारुतीच्या पारावर मांडू गं. ही भित बरी न्हाई."

"पारावर ऊन हाय."

"आज न्हाई त उद्या पडल ही."

"तुझी भित दोन महिनं झालं पडलालीय, अक्का. पडंना त काई."

बाया हसल्या. नरसिंग ड्रायव्हरलाही ती बोलली. तो म्हणाला, "मावशी, मला सायबानं जागा दाखवली तितं म्या हुबा ऱ्हातो. पाराकडं चाक रुततंय." मास्तरांचा पहिला अर्ज जुन्या जिल्ह्याकडून परत आला होता, तुमचं गाव आता आमच्याकडे नाही म्हणून. दुसऱ्याला उत्तर आलं, शाळेचे मूळ कागद जुन्या जिल्ह्याकडून आल्यावर विचार होईल. मास्तरांनी दोन्ही उत्तरं फाइलला लावली. गुरम्माने भिंतीला नव्या टिकल्या लावल्या.

चैत्रातला दिवस. सकाळची शाळा. मास्तर पहिल्या गाडीने लातूरला बैठकीला गेले होते आणि जाताना म्हणाले होते, "पाढे म्हणू द्या. अकराला सोडा."

गुरम्मा पहाटे झाडायला आली तेव्हा खोलीचं दार उघडेना. खांदा लावून ढकललं तेव्हा करकरत उघडलं, आणि मग मिटेना. चौकट वरून दाबली गेली होती. तिने दारावरून हात फिरवला, मग भिंतीकडे गेली. तिन्ही टिकल्या तुटल्या होत्या. मधली तर नव्हतीच. खाली पडून तिचा भुगा झाला होता.

आत बसवू नयेत पोरं, असं तिच्या मनात आलं. पण दार तर उघडंच होतं, आणि मिटत नव्हतं. बाहेर बसवावं तर लिंबाखाली पहिली-दुसरी बसलेली, आणि बाकीच्यांना मोकळं सोडलं की ती घागरींपाशी जाणार, म्हणजे भिंतीच्याच पलीकडच्या अंगाला. आत माळवद, बाहेर भिंत. तिने तिसरी-चौथीची पोरं दाराजवळ दाटीने बसवली आणि स्वतः उंबऱ्यात बसली. नजर भिंतीवरून काढली नाही.

आठच्या सुमाराला पोरं तेराचा पाढा म्हणत होती. तेर सत्ते एक्क्याण्णव. एका पोराने पाटी झटकली. पुन्हा पाटीवर माती पडली, त्याने पुन्हा झटकली. मग शेजारच्या पोरीने आपली पाटी थुंकीने पुसली. गुरम्माने वर बघितलं. तुळईच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत जाते, तिथून पिठासारखी माती झरत होती. सरळ एका धारेने. आणि त्या टोकाखाली भिंतीत उजेडाची एक रेघ होती. काल तिथे उजेड नव्हता.

ती उठली.

घंटा. सळई लिंबाला टेकवलेली दिसत होती, दहा पावलांवर. बडवली की पोरं सेकंदात बाहेर पडतील, पण मग वळतील. घरातल्या बाया धावत येतील. भिंतीखाली आत्ताच पंधरावीस बाया सावलीला टेकल्या होत्या, कडेवर लेकरं होती. कल्लोळ झाला की शंभर होतील. तिने सळईकडे पाठ केली.

पोरांकडे वळून ती हळूच, पण पोरांना आवडेल अशा घाईने म्हणाली, "आरं, टँकरचं टायर फुटलं. मारुतीच्या पारापाशी हुबा ऱ्हायलाय. तितंच पानी सोडलालाय. पळा! घागरी तुमच्या आया आनत्यात, तुमी जाऊन नंबर धरा. जो आदी जाईल त्याचा पयला!"

पोरं अशी सुटली की पाट्या तिथेच राहिल्या. लिंबाखालची पहिली-दुसरीही त्यांच्या मागे. एकानेही भिंतीकडे बघितलं नाही. पारावर जाऊन नंबर धरायचा होता.

मग ती भिंतीच्या पलीकडे गेली. बाया वाती वळत, उवा बघत बसल्या होत्या. तिने काहीच सांगितलं नाही. सरळ रांगेच्या डोक्याशी गेली, आपली घागर उचलली, दुसऱ्या हातात शाळेची एक लाल बादली घेतली आणि पाराकडे पळायला लागली.

बाया आधी बघतच राहिल्या. गुरम्माने पहिला नंबर सोडला! जो नंबर तिने ताप असतानाही सोडला नव्हता. मग कुणीतरी किंचाळलं, "पारावर आलाय गं टँकर! तिला ठावं असतंय!" आणि घागरी उचलल्या गेल्या. हंडे, कळश्या, डबे, सगळा खणखणाट करत रांग पाराकडे पळाली. कडेवरची लेकरं रडायला लागली.

अर्ध्या वाटेत गुरम्माने मागे वळून बघितलं. भिंतीखाली घरी गेलेल्या बायांच्या घागरी तेवढ्या राहिल्या होत्या, आणि एक बाई. धुरपता उठली होती, पण पळत नव्हती. तिने आपली घागर दुसऱ्या जागेवरून उचलून पहिल्या जागेवर ठेवली आणि शेजारी बसली.

गुरम्माने घागर टाकली आणि उलटी पळाली.

"धुरपे, ऊठ!"

"का उठू? घंटा वाजली का? घंटेबिगर टँकर येतोय व्हय? समद्यांला येडं केलंस. मला न्हाई करता येत."

"टँकर न्हाई आलेला. भित पडलालीय. तुळई सुटलीय वर."

"बग. आता खरं बोल्लीस, टँकर न्हाई म्हनून." धुरपता तोंडावर पदर धरून हसली. "मघाशी टँकर, आता भित. माजा पयला नंबर तुला बगवंना. जा गं."

खरं सांगून दोन महिने झाले होते. आणखी एकदा सांगून काही होणार नव्हतं. गुरम्मा वाकली, धुरपताची घागर उचलली आणि पळाली.

दुसऱ्याची घागर. भर दिवसा, भरल्या रांगेतून. धुरपता किंचाळून उठली. "रांडे, माजी घागर!" म्हणत तिच्या मागे धावली. दहा पावलं, बारा पावलं. गुरम्माला मागून तिच्या पाटल्यांचा आवाज येत होता. मग एक आवाज झाला, ओल्या मातीत पहार घातल्यासारखा, फार मोठा नाही. मग दुसरा. आणि मग भिंतीने वाकून बाहेरच्या बाजूला अंग टाकलं आणि तिच्या मागोमाग माळवद बसलं. दगड लांबपर्यंत उडाले. धुळीत काहीच दिसेना. पारावरून सगळं गाव धुळीकडे बघत उभं होतं, रिकाम्या घागरी घेऊन.

पोरांपैकी एकही खोलीत नव्हतं. बायांपैकी एकही भिंतीखाली नव्हती. धुरपता भिंतीपासून चौदा हातांवर सापडली, पालथी, डावा पाय गुडघ्याखाली एका दगडाखाली. शुद्धीवर होती. दगड काढेपर्यंत ती एकच विचारत होती, "माजी घागर कुटं हाय?"

टँकर नऊला आला. नरसिंगने हॉर्न दिला, पण घंटा वाजली नाही. धुरपताला केबिनमध्ये टाकून त्याने भरला टँकर तसाच निलंग्याच्या दवाखान्याकडे वळवला. रस्त्याने सगळं पाणी डचमळत गेलं. त्या दिवशी करडवाडीला पाणी मिळालं नाही, आणि संध्याकाळी दोनचार घरांतून गुरम्माला शिव्या ऐकू आल्या. पाय गेला तर गेला, पण टँकर का नेला, असं कुणीतरी म्हणाल्याचं तिने आपल्या कानाने ऐकलं.

आठ दिवसांनी विस्तार अधिकारी आले. पडलेल्या खोलीपुढे खुर्ची टाकून बसले. परिपत्रकाची प्रत मांडीवर होती.

"शाळेत धोक्याची घंटा आहे?"

"हाय, सायेब." गुरम्माने रूळ दाखवला.

"भिंत पडण्याच्या वेळी तुम्ही हजर होता?"

"व्हते."

"मग घंटा का वाजवली नाही?"

"वाजवली असती त समदं गाव भितीखाली आलं असतं."

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी रजिस्टरकडे. रजिस्टरला तीन कवायती समाधानकारक होत्या. साहेबांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'घटनेवेळी इशारा घंटा वाजविण्यात आली नाही. संबंधितांकडून खुलासा घ्यावा.' खुलासा मास्तरांनी लिहिला आणि गुरम्माने अंगठा दिला. त्यात टँकर आला नाही, घागर आली नाही.

धुरपताचा पाय निलंग्याला गुडघ्यातून काढला. वैशाखात ती घरी आली. टँकर आता पारापाशी उभा राहत होता, फरशा टाकून जागा पक्की केली होती, आणि गावाने ठरवून दिलं होतं की धुरपताची घागर रांगेत नसली तरी पहिली भरायची. ती दारात बाजेवर बसून रांगेला ऐकू जाईल असं बोलायची.

"मिळाला गं बाई पयला नंबर. जलमाचा. गुरम्माक्काच्या मढ्यावर घेनार व्हते, तिनं जित्तेपनीच दिला."

गुरम्मा तिची घागर भरून बाजेखाली ठेवायची. "एक पाय ऱ्हायलाय न्हवं? मंग तोंड मिट."

"तू घागर चोरली नसतीस त दोन ऱ्हायले असते."

"चोरली नसती त एक बी ऱ्हायला नसता."

"ते बी खरं," धुरपता म्हणायची.

शाळेचे दगड बरेच दिवस तसेच पडून होते. मग एकेक जण बैलगाडी घेऊन येऊ लागला. घडीव दगड होते, निजामाच्या काळातले. असे दगड आता कुठे मिळतात? धुरपताच्या पोराने, मलप्पाने, दोन गाड्या नेल्या आणि आईसाठी अंगणात एक वेगळी खोली काढली, तिला उंबरा चढता येत नव्हता म्हणून. दगड, चिखल, वर शाळेच्याच तुळया, आणि त्यावर हातभर मातीचं माळवद. शेजाऱ्यांनी बघितलं आणि त्यांनीही माळवदावर मातीचा आणखी एक थर चढवला. उन्हाळा फार कडक होता. जेवढी माती जास्त तेवढा गारवा.

गुरम्मा घागर ठेवायला गेली तेव्हा तिने त्या नव्या भिंतीवरून हात फिरवला. ओली होती अजून. ती परसात गेली, शेणाचा गोळा घेऊन आली आणि खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंती जुळतात तिथे, एक टिकली थापली. मग आणखी एक, जोत्यापाशी.

"काय करलालीस गं?" धुरपता बाजेवरून ओरडली. "नवी भित हाय ती!"

"नवीच बगायची असती," गुरम्मा म्हणाली आणि लुगड्याला हात पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोन मिनिटं कमी होती. पोरं लिंबाखाली जमायला लागली होती, मास्तरांनी फळा झाडाच्या बुंध्याला टेकवला होता. गुरम्माने वाटेतच पाच दारांवरून भिंती बघितल्या, थांबली नाही. शाळेत येऊन सळई उचलली आणि तीन टोल दिले, मोजून तीन. तरीही दोन घरांतून बाया घागरी घेऊन दारात आल्या, कान देऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. तिने सळई लिंबाला टेकवली, केरसुणी घेतली आणि पोरांच्या पायांखालचा पालापाचोळा झाडायला लागली.